सैनिकांची बदली आणि प्रवास भत्ता : हक्क, मर्यादा आणि कागदपत्रे

बेळगाव, चंदगड, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सैन्यात माणूस नसलेले गाव विरळा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर, गोव्यात दाबोळीचा नौदल विमानतळ, इंदूरजवळ महू, ग्वाल्हेरचे हवाई दल केंद्र, वडोदऱ्याचे ई.एम.ई. स्कूल आणि हैदराबादच्या शेजारी सिकंदराबादची छावणी. मराठी वस्ती जुनी असलेल्या या बहुतेक गावांचा लष्कराशी नित्याचा संबंध आहे. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी येणारा बदलीचा हुकूम हा केवळ जवानाचा नव्हे, तर त्याच्या घराचाही विषय असतो. भांडी बांधायची, मुलांचे दाखले काढायचे, ट्रक ठरवायचा आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर नवा संसार मांडायचा.

या स्थलांतराचा खर्च सरकार देते. त्यालाच बदली प्रवास भत्ता म्हणतात. तो बक्षीस नाही आणि पगाराचा भागही नाही. सरकारी कामासाठी करावा लागलेला खर्च ठरलेल्या मर्यादेत भरून देण्याची ती व्यवस्था आहे. मात्र ‘सरकार देते’ एवढ्या माहितीवर विसंबणाऱ्यांचे नुकसान होते. भत्त्याच्या प्रत्येक घटकाचा नियम वेगळा आहे आणि हक्क बुडतो तो बहुधा तीन कारणांनी : आदेशातील शब्द नीट न वाचल्याने, पावती न ठेवल्याने किंवा मुदत टळल्याने.

नियमांचा आधार

संरक्षण दलांसाठी ‘ट्रॅव्हल रेग्युलेशन्स’ ही स्वतंत्र नियमावली आहे. दर आणि मर्यादा मात्र वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर निघणाऱ्या आदेशांनी ठरतात. सध्याची चौकट सातव्या वेतन आयोगाची आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाने १३ जुलै २०१७ रोजी आदेश काढून नवे दर १ जुलै २०१७ पासून लागू केले आणि संरक्षण मंत्रालयाने त्याच वर्षी ते सैन्यदलांसाठी स्वीकारले.

या चौकटीत बदली प्रवास भत्त्याचे चार घटक आहेत : स्वतःचा व कुटुंबाचा प्रवास, एकत्रित बदली अनुदान, घरसामानाची वाहतूक आणि वाहनाची वाहतूक. कोणाला किती मिळणार हे वेतनस्तरावर, म्हणजे पगाराच्या ‘लेव्हल’वर अवलंबून असते. शिपाई तिसऱ्या स्तरावर, नाईक चौथ्या, हवालदार पाचव्या, नायब सुभेदार सहाव्या, सुभेदार सातव्या आणि सुभेदार मेजर आठव्या स्तरावर असतो. अधिकाऱ्यांची सुरुवात लेफ्टनंटच्या दहाव्या स्तरापासून होते. नौदल आणि हवाई दलातील समकक्ष पदांनाही हेच स्तर लागू आहेत.

कायमची बदली की तात्पुरती ड्युटी

हुकूम हातात पडताच प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे ही हालचाल ‘पर्मनंट’ आहे की ‘टेम्पररी’. बदली प्रवास भत्ता कायमच्या बदलीलाच मिळतो. १८० दिवसांपर्यंतची नेमणूक किंवा प्रशिक्षण सर्वसाधारणपणे तात्पुरती ड्युटी समजली जाते. तीत दौऱ्याचे नियम लागतात. दैनिक भत्ता मिळतो, पण घर हलविण्याचा खर्च मिळत नाही. अशा ड्युटीसाठी कोणी संसार हलविला, तर तो खर्च ज्याचा त्यालाच सोसावा लागतो.

दुसरी गोष्ट बदलीच्या कारणाची. लोकहितार्थ, म्हणजे शासनाच्या गरजेतून झालेल्या बदलीला भत्ता देय असतो. स्वतःच्या विनंतीवरून झालेली बदली सर्वसाधारण नियमानुसार लोकहितार्थ मानली जात नाही. सक्षम अधिकाऱ्याने विशेष कारण नोंदवून तसे मानले, तरच अपवाद होतो. आई-वडिलांच्या आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे गावाजवळ बदली मागणाऱ्या जवानाने आदेशातील ही ओळ आवर्जून वाचावी. खर्च कोणाचा, हे तिथे लिहिलेले असते.

स्वतःचा आणि कुटुंबाचा प्रवास

पूर्वी जवान रेल्वे वॉरंट घेऊन स्थानकावर जात असे. आता बहुतांश तिकिटे संरक्षण लेखा विभागाच्या डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीम या ऑनलाइन व्यवस्थेतून काढली जातात. तिकिटाचे पैसे परस्पर चुकते होत असल्याने जवानाला खिशातून काही द्यावे लागत नाही. ठरलेला प्रवास बदलला, तर तिकीट वेळीच रद्द करण्याची जबाबदारी मात्र प्रवाशाची असते. ते तसेच वाया गेले, तर वसुलीचा प्रश्न उद्भवतो.

रेल्वेत पाचव्या स्तरापर्यंत वातानुकूलित तृतीय श्रेणी, सहा ते अकरा स्तरांना वातानुकूलित द्वितीय श्रेणी आणि त्यावरील स्तरांना वातानुकूलित प्रथम श्रेणी मिळते. अधिकाऱ्यांना विमानप्रवासाचीही मुभा आहे.

कुटुंबाने जवानाबरोबरच निघावे अशी सक्ती नाही. सर्वसाधारण नियमानुसार कुटुंब एक महिना आधी जाऊ शकते किंवा सहा महिन्यांच्या आत मागाहून येऊ शकते. मुलांची वार्षिक परीक्षा संपेपर्यंत थांबणाऱ्या घरांना या मुभेचा मोठा आधार असतो.

कुटुंबाच्या हक्काचा पाया नोंदीत आहे. विवाह, अपत्यजन्म, अवलंबित आई-वडील यांची नोंद सैन्यात ‘पार्ट टू ऑर्डर’द्वारे होते. ती निघालेली नसेल, तर घरात माणूस असूनही कागदावर नसतो आणि त्याचा प्रवासखर्च अडतो. लग्नानंतरची पहिली बदली असलेल्या जवानांनी ही नोंद झाली आहे याची खात्री आधीच करून घ्यावी.

एकत्रित बदली अनुदान

सामान बांधणे, हमाली, जुन्या घरापासून स्थानकापर्यंत व नव्या स्थानकापासून घरापर्यंतचा प्रवास असा किरकोळ खर्च एका रकमेत धरून हे अनुदान दिले जाते. म्हणून घर ते स्थानक या रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याचा वेगळा दावा करता येत नाही. या रकमेसाठी एकेका खर्चाचा हिशेबही द्यावा लागत नाही.

जुने आणि नवे ठिकाण यांत २० किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर असेल, तर शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळते. स्तराच्या सुरुवातीच्या वेतनावर हिशेब केला, तर २१,७०० रुपये मूळ वेतन असलेल्या शिपायाला १७,३६० रुपये, २९,२०० रुपये असलेल्या हवालदाराला २३,३६० रुपये, ३५,४०० रुपये असलेल्या नायब सुभेदाराला २८,३२० रुपये आणि ५६,१०० रुपये असलेल्या लेफ्टनंटला ४४,८८० रुपये मिळतात. सेवा वाढली की मूळ वेतन वाढते आणि त्या प्रमाणात हे अनुदानही वाढते.

या हिशेबात लष्करी सेवा वेतन धरले जात नाही. जवान व जे.सी.ओ. यांना दरमहा ५,२०० रुपये आणि ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये असे हे वेतन मिळते. महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतन काढताना ते मोजले जाते, बदली अनुदानात मात्र वगळले जाते. ते धरले असते, तर जवानाला प्रत्येक बदलीत ४,१६० रुपये आणि अधिकाऱ्याला १२,४०० रुपये अधिक मिळाले असते. सैनिकी जीवनातील कष्टांसाठी दिले जाणारे वेतन, त्यांपैकीच एक कष्ट असलेल्या बदलीच्या वेळी बाजूला ठेवले जाते, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप बेटांवर जाताना किंवा तेथून परतताना अनुदान मूळ वेतनाच्या १०० टक्के असते. उलट, अंतर २० किलोमीटरपेक्षा कमी असेल किंवा बदली एकाच शहरात असेल, तर एक तृतीयांश अनुदान मिळते, तेही निवासस्थान प्रत्यक्ष बदलले तरच. दाबोळीहून वास्कोतील दुसऱ्या नौदल आस्थापनेत गेलेल्या नौसैनिकाचे घर तेच राहिले, तर त्याला अनुदान नाही. घर बदलावे लागले, तर तृतीयांश मिळेल.

पती-पत्नी दोघेही सरकारी सेवेत असतील, तर आणखी एक अट आहे. दोघांच्या बदल्या ६० दिवसांच्या आत झाल्या, तर नंतर बदली झालेल्या जोडीदाराला अनुदान मिळत नाही. ६० दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आत झाल्या, तर निम्मे मिळते. घर एकच हलते, हे त्यामागचे गृहीत आहे.

घरसामानाची वाहतूक

सर्वाधिक रक्कम याच घटकात गुंतलेली असते आणि सर्वाधिक वादही येथेच होतात. चौथ्या स्तरापर्यंत १,५०० किलो, पाचव्या स्तराला ३,००० किलो आणि सहाव्या स्तरापासून वर ६,००० किलो सामान नेण्याचा हक्क आहे. रस्त्याने नेल्यास २०१७ च्या आदेशातील दर अनुक्रमे प्रतिकिलोमीटर १५, २५ आणि ५० रुपये होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतील, अशी तरतूद त्याच आदेशात आहे. १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाल्याने दर १८ रुपये ७५ पैसे, ३१ रुपये २५ पैसे आणि ६२ रुपये ५० पैसे झाले.

हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. प्रत्यक्ष बिल त्याहून कमी असेल, तर बिलाइतकेच पैसे मिळतात. जास्त असेल, तर मर्यादेपर्यंतच मिळतात. २,००० किलोमीटरवर बदली झाली असे धरले, तर नाईकाची मर्यादा ३७,५०० रुपये, हवालदाराची ६२,५०० रुपये आणि नायब सुभेदारापासून वरच्यांची १,२५,००० रुपये होते.

यात एक अडचण दडलेली आहे. नाईकाच्या आणि नायब सुभेदाराच्या घरातील पलंग, कपाट, फ्रिज, शिलाई मशीन आणि मुलांच्या पुस्तकांचे वजन त्यांच्या पदाप्रमाणे कमी-जास्त होत नाही. ट्रकचे भाडेही पद विचारून ठरत नाही. त्यामुळे खालच्या स्तरावरील जवानाला दोन-तीन कुटुंबांनी मिळून ट्रक करणे किंवा जड सामान जुन्या ठिकाणीच विकून टाकणे भाग पडते. ट्रक भागीदारीत केला, तरी प्रत्येकाने आपल्या नावाची, आपल्या सामानाची आणि आपण दिलेल्या रकमेची स्वतंत्र पावती घ्यावी. एकाच्या नावाच्या बिलावर तिघांचा दावा होत नाही.

सामानाचा परतावा पावतीशिवाय मिळत नाही. ईशान्य भारत, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप येथील बदल्यांनाही पावती अनिवार्य असल्याचे आदेशात स्पष्ट केले आहे. वाहतूकदाराचे बिल, बिल्टी, ट्रकचा क्रमांक, कोठून कोठे नेले त्याचा उल्लेख, सामानाचे वजन आणि तारीख या गोष्टी कागदावर असाव्यात. वाहतूकदार जी.एस.टी. नोंदणीकृत असावा आणि पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. वाटेतील टोलच्या पावत्या जपून ठेवल्या, तर पुढे शंका निघाल्यावर त्या कामी येतात. वाटेत सामान फुटले किंवा हरवले, तर ते या भत्त्यातून भरून मिळत नाही. त्यासाठी वाहतूक विमा स्वतः उतरवावा लागतो.

वाहन

सहाव्या स्तरापासून वर एक मोटार किंवा एक दुचाकी आणि पाचव्या स्तरापर्यंत एक दुचाकी किंवा सायकल नेण्याचा खर्च मिळतो. हवालदाराने स्वतःची मोटार घेतलेली असली, तरी तिच्या वाहतुकीचा हक्क त्याला नाही. वाहनाची नोंदणी दावा करणाऱ्याच्या नावावर असावी. वाहन दुसऱ्या राज्यात कायमचे राहणार असेल, तर ना-हरकत दाखला आणि पुनर्नोंदणी यांचा खर्च या भत्त्यात येत नाही.

कुटुंब सोबत नेता येत नाही तेव्हा

पायदळाच्या पलटणी शांत ठाणे आणि फील्ड क्षेत्र यांमध्ये आलटून-पालटून फिरतात. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. अशा वेळी नियमाने कुटुंबाला ‘निवडलेल्या निवासस्थळी’, बहुधा गावी, सरकारी खर्चाने पाठविता येते. हे ठिकाण तोंडी सांगून भागत नाही. त्याची लेखी नोंद करावी लागते आणि कुटुंबाच्या प्रवासाचा दावा त्याच ठिकाणाच्या आधारे तपासला जातो. नोंद बेळगावची आणि कुटुंब प्रत्यक्षात पुण्यात, अशी तफावत राहिली, तर या बदलीचा आणि पुढच्या बदलीचाही हिशेब अडतो.

अग्रिम, दावा आणि मुदत

बदलीच्या खर्चासाठी अग्रिम रक्कम घेता येते. ती कर्ज नव्हे, पण हिशेब होईपर्यंत उसनवारच असते. प्रवास झाल्यावर अंतिम दावा सादर करून ती जुळवावी लागते. दावा न केल्यास किंवा नामंजूर झाल्यास पगारातून वसुली होते. थंडीच्या दिवसांत बदली होऊन उन्हाळ्यात अचानक पगार कमी झाल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हेच कारण असते.

केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार प्रवास पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत दावा सादर न केल्यास हक्क सोडला असे समजले जाते. पूर्वी ही मुदत एक वर्षाची होती. २०१८ मध्ये ती कमी झाली. ‘वर्षभरात करू’ हा ज्येष्ठांचा सल्ला आता चालत नाही.

लष्करातील अधिकाऱ्यांचे दावे पुण्यातील प्रधान संरक्षण लेखा नियंत्रक (अधिकारी) कार्यालयाकडे जातात. जवान व जे.सी.ओ. यांची वेतनखाती रेजिमेंटल सेंटरशी जोडलेल्या वेतन लेखा कार्यालयांत असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे असे कार्यालय बेळगावातच आहे. जवानांनी दावा युनिटमार्फत पाठवावा आणि पाठविल्याची तारीख व क्रमांक आपल्याजवळ ठेवावा. आक्षेप आला, तर तो वाचून नेमके काय मागितले आहे तेवढेच पुरवावे. बरेच दावे एखाद्या सहीअभावी किंवा बदली आदेशाच्या प्रतीअभावी परत येतात.

प्रत्यक्ष खर्च झालेल्या मर्यादेपर्यंत बदलीचा प्रवास, बांधणी आणि वाहतूक यांसाठी मिळालेली रक्कम आयकरातून मुक्त आहे. जुन्या आणि नव्या, दोन्ही करप्रणालींत ही सवलत लागू आहे.

तयार बिलांचा मोह

छावण्यांच्या आसपास ‘बिल आम्ही देतो, सामान नेले नाही तरी चालेल’ असे सांगणारे दलाल भेटतात. त्यांच्या बिलाने मिळणारे पैसे थोडे आणि धोका मोठा असतो. लेखा कार्यालय ट्रकचा क्रमांक, टोलच्या नोंदी आणि कराची माहिती पडताळू शकते. खोटा दावा हा केवळ वसुलीचा विषय राहत नाही. फसवणूक आणि खोटे दस्तऐवज यांबद्दल सेना अधिनियम १९५० मध्ये अनुक्रमे कलम ५२ आणि ५७ खाली शिक्षेची तरतूद आहे. वीस वर्षांची स्वच्छ सेवा, बढती आणि निवृत्तिवेतन एका बिलापायी पणाला लावणे शहाणपणाचे नाही. सामान खरोखर कमी असेल, तर कमी रकमेचा दावा करावा. तोही पूर्ण हक्काचाच असतो.

सेवानिवृत्तीचा शेवटचा प्रवास

निवृत्तीनंतर कायमच्या वास्तव्याच्या ठिकाणी जाण्यासाठीही प्रवास, सामान आणि अनुदान मिळते. येथे दोन सुधारणा ध्यानात ठेवाव्यात. २०२१ मध्ये निवृत्तीच्या प्रवासाचा दावा सादर करण्याची मुदत ६० वरून १८० दिवस करण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीवेळच्या अनुदानासाठी २० किलोमीटर अंतराची अट काढून टाकण्यात आली. शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणीच स्थायिक होणाऱ्यालाही, निवासस्थान प्रत्यक्ष बदलल्यास, पूर्ण ८० टक्के अनुदान देय ठरले. बेळगावच्या सेंटरमधून निवृत्त होऊन शहरातच घर केलेल्यांना पूर्वी तृतीयांशावर समाधान मानावे लागे. सरकारी निवास सोडल्याचे आणि नव्या पत्त्याचे कागद त्यामुळे जपून ठेवावेत.

जे भरून मिळत नाही

भत्त्याचे नियम प्रवासाचा हिशेब करतात, विस्कटलेल्या घडीचा नाही. नव्या शाळेचे प्रवेशशुल्क आणि गणवेश, भाड्याच्या घराची अनामत, गॅस व इंटरनेटची नवी जोडणी, निघताना कवडीमोलाने विकलेले सामान यांना या चार घटकांत स्वतंत्र जागा नाही. हा सारा भार एकत्रित अनुदानावर पडतो आणि खालच्या स्तरावर तो त्यात मावत नाही. केंद्रीय विद्यालयांच्या प्रवेशात बदल्यांच्या संख्येचा विचार होतो, हा थोडा दिलासा. पण कन्नड शिकलेले मूल पंजाबात आणि तिथून आसामात जाते, तेव्हा त्याची तिसरी भाषा दर वेळी नव्याने सुरू होते. जवानाच्या पत्नीची नोकरी तर बहुधा प्रत्येक बदलीत सुटते. या नुकसानीची नोंद कोणत्याही दाव्यात होत नाही.

म्हणूनच जे हक्काने मिळते, ते तरी कागदाअभावी बुडू नये. आदेशाच्या प्रती, कुटुंबाची नोंद, निवडलेले निवासस्थळ, वाहतुकीचे बिल आणि बिल्टी, वाहनाचे नोंदणीपत्र आणि दाव्याची पोच एकाच फाइलमध्ये ठेवावी आणि ती ट्रकमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत न्यावी. दर आणि टक्केवारी नव्या आदेशांनी बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी युनिटच्या कार्यालयात ताजा आदेश पाहून घ्यावा. ती फाइल कुठे आहे आणि साठावा दिवस कोणता, हे जवानाइतकेच घरच्यांनाही माहीत असावे. जवान नव्या ठाण्यावर रुजू झालेला असतो, तेव्हा मागचे घर आवरून पावत्या गोळा करणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्याची पत्नीच असते.